लोयझिककडे

त्रुदा तसं बोलली नसती तर हाही रविवार बाकीच्या रविवारांसारखाच गेला असता. दहाची मिस्सा नुकतीच सुटली होती. समोरच्या चाळीतली त्रुदा, वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर टोपी, गुडघ्याला पट्टा, नेहमीप्रमाणे दह्याचा डबा आणि दोन पाव घेऊन गल्ल्यापाशी आली आणि तिच्या पिशवीतला फोन वाजला. मुलगा, जर्मनीतला. तो दर रविवारी नेमका याच वेळी फोन करतो आणि ती दर रविवारी त्याला सांगते, नंतर कर रे, मी लोयझिककडे आहे. लोयझिक म्हणजे माझे वडील. अलोयझी हे खरं नाव, पण ते बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आणि आता पेन्शनच्या पाकिटावर तेवढं. दुकानावर प्लिश्का कंपनीची पाटी लागली, शेपटी उडवणारा तो पिवळा पक्षी लागला, त्यालाही नऊ वर्षं होऊन गेली, तरी त्रुदा लोयझिककडेच येत होती. गल्लीत असं म्हणणारी आता ती एकटीच उरली होती. आज ती फोनमध्ये म्हणाली, "नंतर कर रे, मी प्लिश्कात आहे." बस, एवढंच. तिचं तिलाही कळलं नाही. मी दही मशीनसमोर धरलं, पाव धरले, आपल्याकडे प्लिश्काचं कार्ड आहे का असं विचारलं. ते प्रत्येकाला विचारावंच लागतं, उद्या पोप दारात आला तरी त्यालाही विचारावं लागेल. ती म्हणाली, नाही गं बाई, किती वेळा सांगायचं तुला, आणि लंगडत निघून गेली. दार तिच्यामागे टिंग करून मिटलं.

आमच्याकडे लोक दुकानात जात नसत, माणसाकडे जात. मटण आणायला गेरार्डकडे, बटणं आणि लोकर एल्झाकडे, भाजी लोयझिककडे. 'त' लावायचा तो खाणीत, शाळेत, इस्पितळात. जिथून भोंगा वाजल्याशिवाय सुटका नाही तिथे 'त'. लहानपणी आई मला भांडं देऊन पाठवायची, जा, बाबांकडून आंबवलेल्या कोबीचं पाणी घेऊन ये, शेजारच्या काकांना कालची अजून उतरली नाहीये. म्हणजे मीसुद्धा बाबांकडेच जायची, वरून खाली, अठरा पायऱ्या. मग कोळसा भट्टीच्या मोकळ्या जागेवर ते अजस्र दुकान आलं, आत ट्रॉली घेऊन हिंडायचं, बर्फाच्या मासळीपासून सायकलीपर्यंत सगळं. सगळे त्याच्या नावाने खडे फोडायचे आणि शनिवारी बस भरभरून तिथेच जायचे. खोटं कशाला बोलू, आम्हीही जायचो. बाबांनी बजावलं होतं, त्या दारात पाऊल टाकायचं नाही, म्हणून आई कपड्यांची पावडर तिथून आणून जुन्या खोक्यात ओतून ठेवायची. तिला त्यात भारी गंमत वाटायची. त्यानंतर स्वस्तवाल्यांची दोन दुकानं आली, एक या टोकाला, एक त्या टोकाला. पहिल्यांदा एल्झा गेली. मग गेरार्ड. गेरार्डने शेवटच्या दिवशी उरलेले सॉसेज गल्लीत फुकट वाटले, आणि ते घ्यायला एवढी गर्दी झाली की तो म्हणाला, मेल्यांनो, हेच महिन्याभरापूर्वी आला असतात तर. त्याच्या जागी आता फोनची कव्हरं मिळतात. एल्झाच्या जागी नखं रंगवून देतात, मी एकदा रंगवून घेतली आहेत.

त्रुदाला दोष देण्यात अर्थ नव्हता. मला स्वतःलाच ते 'कडे' नकोसं झालं होतं, फार आधीपासून. बाबांचं दुकान म्हणजे बटाट्याची माती, कांद्याची सालं आणि दाराशेजारचं ते ओकचं पिंप. हिवाळ्यात त्यात कोबी आंबवलेला, उन्हाळ्यात काकड्या. बाबा झाकण उचलायचे, बाही वर करून हात घालायचे, आणि येईल त्याला आधी एक काकडी हातात द्यायचे. चाखून बघा. पटलं तर घ्या. नवा पाद्री आला, त्यालाही. सरकारी माणूस आला, त्यालाही. कम्युनिस्टांच्या काळात सरकारी दुकानांतून व्हिनेगरच्या बाटल्यांशिवाय काही दिसत नव्हतं तेव्हाही बाबांच्या पिंपात काकडी असे, आणि घ्यायच्या आधी चाखायला मिळे. मग हात एप्रनला पुसायचे, उलटा, सुलटा, आणि तराजू धरायचे. तो वास माझ्या दप्तरात होता, वेणीत होता, शाळेच्या गणवेशात होता. वर्गातल्या मुली मला कोबी म्हणायच्या. कोबी आली, कोबीला बाकावर टोकाला बसवा. मी आईच्या कपाटातला लव्हेंडरचा साबण चोरून मान घासायची, लाल होईपर्यंत, आणि वर्गात शिरले की कोणीतरी नाक धरायचंच. म्हणून नऊ वर्षांपूर्वी जेव्हा कंपनीचा माणूस पांढरा शर्ट घालून आला आणि त्याने मला चित्र दाखवलं, पांढरे दिवे, पांढरी फरशी, काचेची कपाटं, तेव्हा मला काय दिसलं असेल? मला वास नसलेली जागा दिसली. बाबांची हाडं तेव्हाच कुरकुरत होती, दुकान धड चालत नव्हतं, हे सगळं खरंच. पण मी सही केली ती मानेवरच्या त्या घासण्यापायी, हे मला मनातल्या मनात नेहमी माहीत होतं. जागा बाबांच्या नावावर होती, म्हणून त्यांनाही सही करावी लागली. तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी खाली आले आणि म्हणाले, कुठे करायची? कंपनीच्या माणसाला त्यांनी एकच विचारलं, पिंप ठेवता येईल ना? तो गोड हसला आणि म्हणाला, वासाचं जरा बघावं लागेल, आजोबा. पिंप मागच्या अंगणात गेलं. आणि गंमत अशी की वास काही गेला नाही. दमट हवेत फरशीच्या सांध्यांतून अजून वर येतो, दाराच्या डाव्या बाजूला, थाळीएवढ्या जागेत. कंपनीने त्यासाठी मला देवदाराच्या वासाचा फवारा दिलेला आहे. त्रुदा गेली तेव्हा मी तिथेच जाऊन उभी राहिले, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. हवा दमट होती, पण वास काही आला नाही.

रविवारी आमच्या देशात दुकानं बंद असतात. कायदा आहे. लहान दुकानदाराला श्वास घेता यावा, विकणाऱ्या बायकांना घरी बसून जेवता यावं, म्हणून केलेला. फक्त एक सवलत, मालक स्वतः गल्ल्यामागे उभा राहणार असेल तर दुकान उघडायला हरकत नाही. पगारी माणूस नको, मदतनीस नको, मालक जातीने. आता कागदावर मालकीण मी. म्हणून सगळा गाव रविवारी बंद आणि प्लिश्का उघडी. सहा दिवस माझ्याकडे दोन बायका असतात, रविवारी मी एकटी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. बंद ठेवीन म्हटलं तर करारात ते बसत नाही. आठवड्यातून एक दिवस मी मालकीण असते आणि त्या दिवशी मला दुकानाबाहेर पाऊल टाकता येत नाही, यावर हसावं की रडावं ते मी ठरवायचं सोडून दिलंय. दूध कुठल्या कपाटात ठेवायचं ते कंपनी ठरवते. भाव कंपनी ठरवते. दिवे किती वाजता मंद करायचे, खिडकीत कुठला कागद चिकटवायचा, गिऱ्हाइकाकडे बघून किती वेळात हसायचं, सगळं येतं, लिहून येतं. उभं राहणं तेवढं माझं. कोपऱ्यावर पूर्वी ज्यांची लहान दुकानं होती त्यांना वाचवायला केलेला कायदा आता माझ्या पायांवर कंपनी चालवते. शनिवारी संध्याकाळपासून मी पाणी पीत नाही. कारण दुकान एकटं सोडून मागे जाता येत नाही, आणि 'लगेच येते' असा कागद दाराला लावला तर तो कॅमेऱ्यात दिसतो आणि सोमवारी सकाळी पत्र येतं. बावन्नाव्या वर्षी शरीर पूर्वीसारखं ऐकत नाही. दुपारचा एक वाजत आला की मी काही विकत नसते, फक्त धरून ठेवत असते. माझा अख्खा रविवार ओटीपोटात गोळा झालेला असतो.

गल्ल्याखालच्या खणात कंपनीची पाटी होती, काचेची, म्हणजे टॅब्लेट, बोटाने सही करायची. करार संपत आला होता. सोमवारी दुपारी बाराच्या आत सही करायची किंवा नाही करायची. केली तर आणखी पाच वर्षं. ईस्टरला मी बाबांना सांगितलं होतं, यंदा नाही करणार. जुलै झाला की रविवारी मी वर, तुमच्याबरोबर जेवायला. बाबांनी मान हलवली आणि भाजलेल्या बदकाचा तुकडा माझ्या ताटात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून पाण्याचा आवाज आला. बघते तर म्हातारा बादलीने पिंपात पाणी ओततोय. लाकूड वाळलेलं होतं, सगळ्या फटींतून पाणी वाहून जात होतं, आणि ते ओततच होते. वाळलेलं पिंप असंच भरावं लागतं. रोज भरायचं, रोज ते गळतं, हळूहळू लाकूड फुगतं, फटी मिटतात, आणि एके दिवशी पाणी उभं राहतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, रोज चार बादल्या, एप्रिलपासून. जूनमध्ये पाणी ठरलं. त्या दिवशी त्यांनी मला खिडकीतून बोलावलं आणि कडेला बोट बुडवून दाखवलं, बघ, काठोकाठ. मला त्यांचं हसू तेव्हाच सहन झालं नव्हतं. तरी मला अजून खरं काय ते माहीत नव्हतं. ते कळलं परवा, शुक्रवारी, दाविद आला तेव्हा. दाविद म्हणजे कंपनीचा आमच्या भागातला माणूस, तिशीचाही नाही, मला इर्मिनाबाई म्हणतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. वाईट नाही तो. मी त्याला म्हटलं, मी पुढे नाही करणार, आम्ही आमचं दुकान पुन्हा सुरू करू. तो गोंधळला. म्हणाला, तुमचा करार संपतोय, इर्मिनाबाई, जागेचा नाही. जागेचं भाडेपत्र वेगळं आहे, पंधरा वर्षांचं, तुमच्या वडिलांच्या सहीचं. अजून सहा वर्षं जागा आमच्याकडे आहे. तुम्ही नसाल तर दुसरं कोणीतरी उभं करू. "वाचलं होतं ना तुम्ही?" त्याने इतक्या हळुवारपणे विचारलं की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. वाचलं होतं हो. वाचताना मला फरशी दिसत होती.

बाबांना हे मी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी सांगणार होते, शनिवारी सांगणार होते. सही नाही केली तर त्यांच्या बिछान्याखाली, त्यांच्याच जमिनीवर, कोणीतरी परकं माणूस कार्ड आहे का विचारत उभं राहील, आणि ते वर झोपून ऐकतील. सही केली तर पाच वर्षं. ते एकोणनव्वद होतील. होतील का? भरीला भर म्हणजे वरचं घर. ते माझ्या नावावर, आणि तेही मी नऊ वर्षांपूर्वी हमीदाखल लिहून दिलेलं, कारण कंपनीला काहीतरी हवं असतं. करार नीट संपला तर ती हमी सुटते. पण मधेच एखादा सरकारी ठपका आला, रविवारच्या कायद्याचा विशेषतः, तर करार मोडला असं धरतात, आणि मग हमी कंपनीची. म्हणजे ज्या खोलीत बाबा झोपतात ती. हे सगळं मी नऊ वर्षं रविवारी पायांवर तोलत उभी राहत आले होते, आणि त्रुदाच्या एका शब्दाने ते सगळं एकदम जड झालं. चाळीतल्या उघड्या खिडक्यांतून रविवारच्या जेवणाचे वास यायला लागले, रस्सा, लाल कोबी. अख्खी गल्ली टेबलाशी बसली होती. एखादा कोणी चुकून संपलेली मोहरी न्यायला यायचा, तोंडात घास तसाच, आणि माझ्याकडे न बघता जायचा.

पाऊण वाजता मागचा जिना वाजला. बाबा जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात, त्यामुळे अठराच्या छत्तीस होतात. त्यांच्या एका हातात ॲल्युमिनियमचा डबा, रोलाडा, म्हणजे मांसाच्या गुंडाळ्या, आणि भोकाचे बटाटा-गोळे, भोकात रस्सा साठावा म्हणून आई पाडायची तसलं भोक. दुसऱ्या हातात काकड्यांची बरणी. कमरेला अजून स्वयंपाकाचा एप्रन. "तिसरा दिवस," ते म्हणाले, आणि बरणी गल्ल्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी काकडी अर्धी आंबते, आत अजून हिरवी असते, हे त्यांना मला सांगावं लागत नाही. शेपूच्या फुलांचे तुरे, लसूण, तिखट मुळ्याचं पान. मी म्हटलं, बाबा, इथे नका ठेवू, कॅमेरा आहे. ते म्हणाले, त्यालाही देऊ एक. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तू अशी वाकडी का उभी आहेस?"

मी मागच्या दाराकडे बघितलं.

"जा," ते म्हणाले. "मी आहे ना."

नऊ वर्षांत हे कधी झालं नव्हतं. मी त्यांना कधी गल्ल्यामागे येऊ दिलं नव्हतं. सख्खा बाप असला तरी कायद्याला तो मालक नाही. पण त्रुदापासून माझं काहीतरी सुटत चाललं होतं, आणि खरं म्हणजे दुसरं काही सुटायच्या बेतात होतं. मी म्हटलं, कोणी आलं तर थांबायला सांगा, काही विकू नका, मशीनला हात लावू नका. ते म्हणाले, तू मला दुकान शिकव आता. मी पळाले.

त्या दोन मिनिटांविषयी मला सांगायलाच हवं. संडास मालाच्या खोलीपलीकडे आहे, खिडकी अंगणात उघडते, खिडकीतून पिंप दिसतं. मी बसले, आणि सकाळपासून आवळून धरलेलं सगळं सुटलं, डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ सुखाने. तेवढ्यात पुढच्या दाराची टिंग वाजली. आणि बाबांचा आवाज आला. या, या. तो वरच्या घरातला आवाज नव्हता, औषधाचं विचारणारा, टीव्ही मोठा कर म्हणणारा. तो खालचा आवाज होता, मी नऊ वर्षं ऐकला नव्हता. या बाई, काय देऊ? बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज मी ओळखला. आधी हे घ्या. चाखून बघा. पटलं तर घ्या. मला तेव्हाच उठून धावायला हवं होतं. माझं झालं होतं. पण मी बसून राहिले, भिंतीला डोकं टेकून, आणखी अर्धं मिनिट असेल, ऐकत. त्या अर्ध्या मिनिटात मी सात वर्षांची होते, हातात भांडं होतं, आणि मला तो वास हवासा वाटत होता. एवढ्यासाठी मी कोणालाही दोष देणार नाही, स्वतःलाही नाही. मग मी हात धुवून बाहेर आले.

गल्ल्यासमोर दोघं होते. तरुण बाई, गळ्यात ओळखपत्र, आणि मागे फाईल धरलेला एक गंभीर माणूस. बाईच्या बोटांत काकडी होती, मीठपाणी तिच्या मनगटावरून बाहीत चाललं होतं, आणि ती कुठे ठेवावी हे तिला समजत नव्हतं. बाबा गल्ल्यामागे ताठ उभे होते. इतके ताठ मी त्यांना आईच्या दफनानंतर पाहिलं नव्हतं. एप्रनला हात पुसत होते, उलटा, सुलटा.

"कामगार तपासणी," मागचा माणूस म्हणाला. "रविवारची. इथले मालक कोण?"

"मी," मी म्हणाले.

"मी," बाबा म्हणाले.

दोघांचं एकदमच निघालं. त्या माणसाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि मग फाईल उघडली. कागदावर माझं आडनाव नवऱ्याचं आहे. नवरा इंग्लंडला गेला तो गेलाच, आडनाव तेवढं मागे ठेवून गेला. त्या आडनावाचा मला आयुष्यात एकदाच उपयोग झाला, तो असा. माणसाने बाबांकडे पेन दाखवून विचारलं, "मग हे कोण? इथे काम करतात?"

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय होतं ते सांगू? वरचा पलंग होता. पलंगाशेजारची खुर्ची, खुर्चीवरची आईची शाल. हमीचा कागद होता. पिंप होतं. आणि या सगळ्याच्या वर, लाजेने सांगते, वर्गातल्या मुली होत्या नाक धरून, कारण काकडीचा वास दुकानभर झाला होता आणि ती बाई अवघडून हसत होती. मी म्हणाले, "काम कसलं. गिऱ्हाईक आहेत. इथेच जवळपास राहतात. वय झालंय, कधीकधी समजत नाही त्यांना, आत येऊन उभे राहतात."

"तुमचे कोणी लागतात?"

"नाही."

बाबांना सगळं समजतं. आजही वर्तमानपत्रातलं शब्दकोडं ते पेनने सोडवतात. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते म्हणून त्यांच्या हातांकडे बघत होते. हात एप्रनवर थांबले. मग त्यांनी मागे हात नेऊन गाठ सोडली, एप्रनची नीट चौकोनी घडी केली, बगलेत धरली, आणि गल्ल्याची फळी उचलून बाहेर आले, गिऱ्हाइकाच्या बाजूला. पावाच्या टोपलीतून एक पाव घेतला. तो माझ्यासमोर ठेवला. आणि त्या तरुण बाईकडे वळून, अगदी चाचरत, कधीही न काढलेल्या म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "माफ करा हं बाई. मला वाटलं मी लोयझिककडे आलोय."

बाईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, असू दे हो आजोबा, माझ्या आजोबांचंही असंच व्हायचं. त्या माणसाने फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. दोघंही माझ्याकडे बघत उभे होते, वर कॅमेराही बघत होता, आणि माझ्या तोंडाला नऊ वर्षांची सवय. मी पाव मशीनसमोर धरला आणि विचारलं, "आपल्याकडे प्लिश्काचं कार्ड आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले. खिशातून नाणी काढून त्यांनी माझ्या हातात नाही, गल्ल्यावर ठेवली. डबा आणि बरणी त्यांनी उचलली नाही, गिऱ्हाईक कशाला उचलेल. ते पुढच्या दाराने बाहेर गेले. त्यांचा जिना मागे आहे, पण गिऱ्हाईक पुढूनच जातं. टिंग वाजलं. काचेतून मला ते कोपऱ्यापर्यंत दिसले, पाव हातात, गेरार्डच्या जुन्या दुकानावरून वळताना.

तपासणीवाल्यांनी आणखी पाच मिनिटं कागद बघितले, माझी सही घेतली, सगळं नियमात आहे म्हणाले. जाताना बाईने काकडी कागदी रुमालात गुंडाळून गल्ल्यावर ठेवली, एक घास तेवढा खाल्लेला. छान झाली होती, ती म्हणाली, घरची आहे का? मी म्हटलं, माहीत नाही, त्या आजोबांची आहे.

मग मी वर पावलं वाजण्याची वाट बघत राहिले. वळसा घालून अंगणाच्या फाटकातून यायला त्यांना दहा मिनिटं लागतात. दहा झाली, पंधरा झाली. जिना वाजला नाही. त्याऐवजी अंगणातून लाकूड दगडावर घासल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला, कोणीतरी फार जड काहीतरी कडेवर ढकलतंय असा, आणि मग एकदम पाणी. एवढं पाणी, एवढा वेळ. एप्रिलपासूनचं. ते दगडांवरून वाहत मागच्या दाराच्या फटीतून मालाच्या खोलीत आलं आणि पिठाच्या पोत्यांपर्यंत पोचलं. मी पोती सरकवली, गुडघ्यांवर बसून फडक्याने पाणी टिपलं आणि बादलीत पिळत राहिले. पाण्याला ओकचा आणि जुन्या कोबीचा वास होता. त्यातच कधीतरी जिना वाजला, छत्तीस वेळा, वर खुर्ची सरकली, आणि गप्प झालं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, भाडेपत्राचं, सहा वर्षांचं. सांगायची गरज उरली नव्हती. त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं होतं ते पुरेसं होतं.

मी पुढे आले. दुकानात कोणी नव्हतं. रुमालातली काकडी उघडली आणि उरलेली खाऊन टाकली. मीठ बरोबर होतं. मग खणातून कंपनीची पाटी काढली, शेवटच्या पानावर गेले, आणि चौकटीत बोट ठेवलं. उमटेना. पुन्हा ठेवलं, पुन्हा उमटेना. ओलं बोट त्या काचेला समजत नाही. मी हात कंपनीच्या एप्रनला पुसला, उलटा, सुलटा, आणि सही केली.